परक्या उंबरठ्यावरचं बोट

उदयपूरच्या एका धर्मशाळेत, सामानाच्या खोलीच्या उंबरठ्यावर, आखाजीच्या दिवशी कुंकवाचं एक बोट जास्तीचं उमटलं होतं. ते नानांनी लावलेलं नव्हतं. मी लावलं होतं. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आईला तर नाहीच.

धुळ्या-जळगावकडच्या माणसाला पुढचं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्या खानदेशात हा सण जितका झोक्यांचा आणि माहेरवाशिणींचा, तितकाच गेलेल्यांचा. कोरी घागर पाण्याने भरायची, तिच्या तोंडावर लहान मडकं, त्यावर खरबूज, आंबे, सांजोरी. निखाऱ्यावर तूप आणि घास टाकायचा, घरभर तो धूर फिरू द्यायचा. मग उंबरठा धुऊन पितरांची नावं घ्यायची, आणि एकेका नावाला कुंकवाचं एकेक बोट टेकवायचं. जिवंत माणसाचं नाव तिथे घेत नाहीत. हे कुणी शिकवावं लागत नाही. मला दहाव्या वर्षी ते पक्कं ठाऊक होतं.

सध्या आमच्या धुळ्याच्या घरात, देवघराच्या खालच्या फळीवर, पाण्याची एक प्लॅस्टिकची बाटली उभी आहे. दिवाळीनंतर मी आईला उदयपूरला घेऊन गेलो होतो, तेव्हा तिने ती पिछोला तलावातून भरून आणली. पाणी वरून निर्मळ दिसतं, पण तळाशी हिरवट गाळ बसलाय. सकाळी दिवा लावायला वाकलो की तो गाळ जरासा हलतो. निदान मला तसं वाटतं. बाहेर कडुनिंबाला मोहोर आलाय, संध्याकाळी त्याचा वास खिडकीतून आत येतो. म्हणजे आखाजी जवळ आली.

नाना म्हणजे माझे वडील. धुळ्याच्या बाजारात एका शेठजींच्या आडत दुकानावर ते तोलारी होते. धान्याची पोती काट्यावर चढवायची, तोलायची, उतरवायची. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या अंगाला ज्वारीच्या भुश्शाचा आणि तागाचा वास यायचा. खांद्यावर हात फिरवला तर पोत्याचे धागे सापडायचे. कमी बोलायचे. बोललेच तर असं काही बोलायचे की आई पदर तोंडाला लावून हसायची.

शेठजींचं मूळ मेवाडातलं. त्यांच्या मुलीचं लग्न उदयपूरला ठरलं, आणि मुहूर्त निघाला आखाजीचाच. त्यांच्याकडे तो लग्नाचा सगळ्यात मोठा दिवस. शेठजी नानांना म्हणाले, "सामान तूच सांभाळ. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही. आणि बायको-पोराला पण घेऊन चल. महाल बघतील, मंदिर बघतील. परत कधी जाणार तुम्ही लोक?"

आई खूश झाली आणि त्याच वेळी घाबरली. पितरांच्या दिवशी घराला कुलूप? नानांनी त्यावर तोड काढली. कुंभाराकडून कोरी लाल घागर आणली, जुन्या गोधडीत गुंडाळली, आणि लग्नाच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. सेंधव्याच्या घाटात ड्रायव्हरने गाडी थांबवून देवीला नारळ फोडला. नारळ नासका निघाला. ड्रायव्हरने तो दरीत भिरकावला आणि हात धोतराला पुसले. तोवर गाणी म्हणत आलेल्या बायका देवीचं नाव घेऊ लागल्या. नासक्या खोबऱ्याचा तो आंबूस वास गाडीत कसा काय शिरला कोण जाणे, पण मला तो उदयपूर येईपर्यंत येत राहिला.

धर्मशाळा तलावाजवळच्या गल्लीत होती. सामानाची खोली तळमजल्यावर. तिच्यात डांबरगोळ्या, तुपाचे डबे, झेंडूच्या माळा, नव्या चामडी बॅगा. सगळ्यांचा मिळून एक जड वास, डोळ्यांवर झापड आणणारा. आम्ही तिघं तिथेच निजायचो, पेट्यांच्या मधल्या जागेत. नानांच्या करगोट्याला खोलीची किल्ली.

पहिल्या दिवशी नानांना जरा सवड होती. आम्ही जगदीशाच्या देवळात गेलो. उंच पायऱ्या, दोन्हीकडे दगडी हत्ती, भिंतीवर रांगेने कोरलेल्या बायका. त्यातल्या काहींना नाकं नव्हती. आईने एकीच्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "हिचं नाक कोणी कापलं असंल हो?" नाना म्हणाले, "सासूनं." आई हसली, पण हात तिने पदराला पुसला. देवळातून खाली येईपर्यंत दुकानावरचा पोऱ्या बोलवायला आला. महाल बाहेरूनच बघितला, आत जायचं राहिलं. चढावरून त्याची भिंत दिसत होती, न संपणारी, आणि खिडक्यांतून पारवे आत-बाहेर करत होते.

आखाजीच्या सकाळी नाना घागर घेऊन तलावावर निघाले. मी मागे. नळाचं पाणी चाललं असतं, पण नानांना वाहतं असो की साठलेलं, उघड्या आभाळाखालचंच पाणी हवं होतं. त्या वर्षी तिकडे पाऊस झालेला नव्हता. घाटाच्या शेवटच्या पायरीशी पाणीच नव्हतं. पुढे भेगा पडलेला चिखल, कडेने वाकलेला, पायाखाली खापरीसारखा फुटणारा. तलावाच्या मधला पांढरा महाल पाण्यात तरंगतो असं शेठजींनी सांगितलं होतं. तो चिखलात उभा होता, पायाशी शेवाळाची काळी रेघ, लुगडं वर धरून उभ्या असलेल्या म्हातारीसारखा. मेलेल्या माशांचा वास. डोक्यावर घारी. बरंच चालल्यावर पाणी लागलं, कोमट आणि हिरवं. घागर बुडवली की डुबुक डुबुक करते, तो आवाज मला फार आवडायचा. ही घागर मुकाट्याने भरली. नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि घागर खांद्यावर घेतली.

खोलीवर आलो तर आईने घागरीत नाक घातलं. "परक्याना उंबरठावर पितर बलावतस का तुम्ही? घर सोडीसन त्या आठे कसा येतीन?"

"पितर का तिकीट काढीसन येतस?" नाना म्हणाले. "पानी दिसनं की येतीन."

त्यांनी उकिडवं बसून तो दगडी उंबरठा धुतला. नावं घेतली. आजोबा, पणजोबा, शिंदखेड्याकडच्या गावातले दोन चुलते, आणि शेवटी माझी एक बहीण, जी माझ्याआधी जन्मून माझ्याआधी गेली. तिच्या नावाला आईने तोंड फिरवलं. नानांचं बोट त्या ठिपक्यावर जरा जास्त वेळ टेकलेलं राहिलं.

दुपारी शेठजींच्या नातवाची पत्र्याची नाव सापडेना. पोटात मेणबत्ती लावली की पाण्यात फटफट करत धावणारी ती नाव. सगळ्या मुलांचा जीव तिच्यावर, माझाही. शेठजींची सून सामानाच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "सकाळी तर इथेच होती. या खोलीत दुसरं कोण येतं-जातं?"

कुणाचं नाव तिने घेतलं नाही. नानांनी माझ्याकडे पाहिलं. विचारलं नाही, थप्पड मारली.

"काढ."

"मी नाही घेतली, नाना."

"काढ म्हनस ना!" आणि दुसरी.

तिथे बायका होत्या, हलवाई होता, नातू होता. नातू तर बघून हसला. नानांचा हात पोती उचलणारा हात होता. पण मला लागलं ते वेगळंच. आयुष्यभर ज्यांच्या काट्यावर सगळा बाजार विश्वास ठेवायचा, त्यांनी मला न तोलता मोडीत काढलं होतं.

मग पंगत बसली. सगळे अंगणात गेले. मी गेलो नाही. घागर पेट्यांच्या मध्ये उभी, तिच्या लाल पोटातून पाणी झिरपत होतं आणि फरशीवर काळा डाग वाढत होता. शेजारी कुंकवाची वाटी. मी बोट बुडवलं. उंबरठ्याशी बसलो. नानांचं पूर्ण नाव घेतलं, आजोबांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं. आणि माझ्या बहिणीच्या ठिपक्याशेजारी बोट टेकवलं.

काहीही झालं नाही. अंगणात वाढपी "पुरी, पुरी, पुरी" करत फिरत होता. लांब कुठेतरी मोर ओरडला. मी उठलो, आणि परत खाली बसलो. थुंकी लावून ते बोट पुसायला गेलो, तर ते पसरलं. मोठं झालं. सगळ्या पितरांपेक्षा मोठं.

आई पत्रावळीत माझ्यासाठी जेवण घेऊन आली, मागून नाना. आईचं लक्ष आधी उंबरठ्याकडेच गेलं.

"हाई कोननं बोट शे?"

नानांनी उंबरठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझा हात मी चड्डीच्या खिशात घातला होता. त्यांनी तो मनगटाला धरून बाहेर काढला, जणू काही जेवायला बसवण्यासाठी, आणि आपल्या उपरण्याच्या टोकाने माझं बोट पुसलं. नीट, नखाच्या कडेपर्यंत. ते करता करता आईकडे पाठ ठेवून हसत म्हणाले, "व्हई कोनं तरी. नाव ठाऊक नही असं. पानी तर त्यालेबी लागस."

कुणाचं नाव घेतलं ते त्यांना कळलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. बोट माझं होतं एवढं कळलं होतं. आणि त्यांनी ते आईपासून झाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याची नाव अंगणातल्या हौदात तळाशी सापडली. नातवानेच बुडवली होती. सुनेने ती झटकली आणि आत गेली. नाना जरा वेळ हौदापाशी उभे राहिले. मग किल्ली त्यांनी आईच्या हातात दिली आणि मला म्हणाले, "चाल. महाल दखाडस तुले. आपुन दोन्हीज."

तो महाल मला तुकड्यातुकड्याने आठवतो. माणूस वाकूनच जाईल एवढी दारं. अंधारे जिने, एक संपला की दुसरा. भिंतींना माणसांच्या हातांचा तेलकट ओशटपणा. काचेचे मोर, हिरवे-निळे, उन्हात डोळे उघडे ठेवून बसलेले. मग ती आरशांची खोली, नखाएवढ्या आरशांची. मी त्यात नानांना शोधत होतो. कुठे त्यांचा कान, कुठे टोपी, कुठे मिशी. एकाही आरशात नाना पूर्ण मावत नव्हते. मी मागे वळून बघितलं, तर नाना जिन्याच्या तोंडाशी बसले होते. चेहरा राखेसारखा. डावा हात उजव्या हाताने दाबून धरलेला. सदऱ्याला घामाने गळ्यापासून खालपर्यंत काळा पट्टा पडलेला.

"नाना?"

"गॅस शे." त्यांनी दोनदा श्वास घेतला. "पुऱ्या जास्ती व्हयन्यात काल. भिऊ नको. आन तुन्ही मायले सांगू नको हां, ती सगळा लगनमा बोंब मारी."

मी मान हलवली. ती मान मी किती चटकन हलवली, ते मला विसरता येत नाही. कारण आईला सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, हे असं अचानक कशामुळे? आणि कशामुळे, ते मला एकट्यालाच माहीत होतं, अशी माझी खात्री होती. आमच्या शेजारच्याच खोलीत शेठजींचा डॉक्टर भाचा उतरला होता. दिवसभर तो अंगणात पान चघळत, लोकांचे रक्तदाब बघत बसलेला असायचा. त्याच्यासमोरून मी त्या संध्याकाळी कितीदा तरी गेलो. एकदा तर त्यानेच हाक मारली, "काय रे, महाल बघितला का?" मी "हो" म्हटलं आणि पळालो. खोलीत जाऊन उंबरठा बघितला. बाकीची बोटं वाळून फिकी पडली होती. माझं तसंच होतं.

महालातून उतरताना नानांनी गल्लीत मला पत्र्याची नाव घेऊन दिली होती. दुकानदाराने ती परातीत चालवून दाखवली. नाना पायरीवर बसून बघत होते. "चांगली शे," म्हणाले. "पांझराले पानी उनं की सोडसूत." आमच्या धुळ्याच्या पांझरा नदीला पाणी येईल तेव्हा सोडू.

पांझरेला पाणी आलं तेव्हा नाना नव्हते. परतल्यावर आठवड्याभरात, बाजारात, काट्यापाशीच ते गेले. मी शाळेच्या सुट्टीत शेजाऱ्यांकडे कैऱ्या कापायला बसलो होतो. कुणीतरी दारात येऊन उभं राहिलं, आणि ते काही बोलायच्या आत मला माहीत होतं. नाव माळ्यावर कुठे गेली, कळत नाही. मी ती पाण्यात कधी सोडलीच नाही.

तेराव्याच्या दिवशी आईने जमलेल्या बायकांना सांगितलं, "त्यास्ले ठाऊक व्हतं. सोताना हातनं सोतानं बोट लायी गयात. मी इचारं तर हसनात." बायकांनी कपाळाला हात लावले. गोष्ट गल्लीत गेली, बाजारात गेली, शेठजींनी दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. नाना पुण्यवान ठरले. मरण आधी दिसलेला माणूस. माझ्या लग्नात व्याह्यांना ती गोष्ट सांगितली गेली. माझ्या मुलीला तिच्या आजीने अंगाईसारखी सांगितली. प्रत्येक वेळी मी पाणी प्यायला उठलो.

दर आखाजीला पितरांची बोटं मी लावतो. नानांच्या नावाशी आलो की हात थांबतो. मग आई पुढे होते आणि ते बोट ती लावते. मला दुःख अनावर होतं, असं ती समजते. फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने दारं बिनउंबरठ्याची केली होती. आईने भांडून सागाची पट्टी बसवून घेतली. तिच्यावर दर वर्षी ते बोट उमटतं. मी ते बघत नाही.

मागच्या आखाजीला आईच्या हातातली वाटी कलंडली. कुंकू उंबरठ्यावर न पडता लुगड्यावर सांडलं. तिने लुगडं झटकलं. मग म्हणाली, "आते मन्हा हात चालत नही. पुढला साले तू लाव. आन त्याआधी माले एकदाव ती जागा दखाड."

म्हणून दिवाळीनंतर गेलो. या वेळी तलाव काठोकाठ होता. पांढरा महाल खरंच तरंगत होता, दिव्यांसकट. मोठा राजवाडाही आईने पाहिला. सिंहासनाकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. रांजण, उखळं, चुली शोधत फिरली. "राजाना घर सैपाक कोठे व्हये रे?" आरशांच्या खोलीपाशी मी म्हटलं, "तू बघून ये, मी इथे बसतो." ती गेली. मी त्याच जिन्याच्या तोंडाशी बसलो आणि डावा हात दाबून पाहिला.

धर्मशाळेचं आता गेस्ट हाऊस झालंय. सामानाच्या खोलीत गाद्या आणि चादरी ठेवतात. मॅनेजर पोरगा चांगला होता, त्याने दार उघडून दिलं. मला वाटलं होतं उंबरठा उखडला असेल, फरशी बसवली असेल, आणि मी सुटेन. उंबरठा होता. कुणीतरी त्याला लाल ऑइलपेंट फासला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आईचे डोळे आता अधू आहेत. ती खाली बसली, हाताने चाचपत गेली. "देख," म्हणाली, "आजून लाल शे." मग एका जागी तिची बोटं थांबली. रंगाचा फुगवटा असेल. "हाई त्यास्नं."

मी मागे उभा होतो. मॅनेजर मोबाइल बघत होता. मला वाटलं ती हात जोडेल, रडेल. तिने त्या दगडावर थप्पड मारली. हलकीच, म्हाताऱ्या हाताची.

"ठाऊक व्हतं तर माले काबर नही सांगं?" का नाही सांगितलं, असं ती दगडालाच विचारत होती. "हसनात. माले हसनात, आन चालना गयात. दवाखानामा लयी गयी असतू मी. दागिना मोडता. काबर नही सांगं?"

मग माझ्याकडे तोंड वर करून विचारलं, "तू व्हता ना तठे? तुले काही बोलनात का त्या?"

मी म्हणालो, "नाही."

जगाला सांगताना ती गोष्ट पुण्याईची होती. आत, एकटीपाशी, ती एवढी वर्षं नवऱ्यावर रागावलेली होती, हे मला त्या दिवशी कळलं. न केलेल्या गोष्टीसाठी मी दोन थपडा खाल्ल्या होत्या, त्याही नानांनी दुसऱ्या दिवशी महाल दाखवून फेडल्या. न केलेल्या गोष्टीसाठी नाना अजून खातायत.

घाटावर येऊन तिने पर्समधली रिकामी बाटली काढली. पाण्यात बुडवली. डुबुक डुबुक आवाज झाला. झाकण लावून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आखाजीले हाई पानी घागरमा टाक. आन बोट तू लाव."

ती बाटली आता देवघरात आहे. आईला वाचता येत नाही. म्हणूनच हे सगळं लिहायचं धाडस झालं, तेही इथे लपवत नाही. पलीकडच्या खोलीत ती सांजोरीसाठी रवा निवडत बसलीये, ताटात तिची बोटं फिरतायत, त्याचा आवाज येतोय.

नानांना काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या छातीत दुखलं होतं, ते मला ठाऊक होतं. बोट माझं होतं. एवढं सांगण्याचं मी आईला देणं लागतो, आखाजीच्या आधी, तिच्यासमोर बसून. आणि त्यानंतरच नानांच्या नावाचं बोट लावायला माझा हात मोकळा होईल. सांगणं आणि बोट लावणं, ही दोन्ही देणी अजून माझ्याकडे आहेत.